माणसाला माणसं लागतात



उन्हाळ्यात मी परदेशातल्या एका विद्यापीठात निर्वासितांच्या मनःस्वास्थ्यावरचा अभ्यासक्रम करून आले. आज शाळेच्या संमेलनात त्याबद्दलच बोला, असं मुख्याध्यापक सरांनी सांगितलं. आपल्या हिवरखेडला निर्वासितांशी काय करायचंय, असं कुणाला वाटेल. पण करायचंय, खूप करायचंय.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की युद्धाची झळ बसलेल्या भागात साधारण पाचातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. पण उरलेली चौघं? घर त्यांचंही गेलेलं असतं. २००७ साली जगातल्या मदतसंस्थांनी मिळून मनःस्वास्थ्याच्या कामासाठी सूचना तयार केल्या. त्यात मदतीचे थर आहेत: सगळ्यात खाली अन्न, निवारा, सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि शेजारपाजार, मग समुपदेशन, आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ. आपण धान्य वाटतो, फार झालं तर डॉक्टर बोलावतो. मधले शेजारीपाजारी मात्र आपल्या लक्षातच येत नाहीत.

जॉर्डनमध्ये झातारी नावाची छावणी आहे. सीरियातली माणसं जीव घेऊन पळाली, त्यांच्यासाठी २०१२ साली उघडलेली. अधिकाऱ्यांनी घरं ओळीनं मांडून दिली, नकाशाप्रमाणं. लोकांनी काय करावं? कुंपणाचे लोखंडी खांब काढले, त्यांना चाकं लावून गाडे केले आणि ती पत्र्याची घरं ओढत ओढत आपापल्या नातलगांशेजारी नेऊन ठेवली. घर मिळालं होतं, पण शेजारी मामा नव्हता, आत्या नव्हती. मोठमोठ्या तज्ज्ञांना जे वर्गात शिकवावं लागतं, ते त्या माणसांनी हातानं करून दाखवलं.

आपल्या महाराष्ट्रानंही हे पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकलून दिलं. त्यातले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बाया आणि लेकरं, इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ ते तिथं राहिले. त्या छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती, नाटकं व्हायची. कित्येक मुलांचे बाप युद्धावर होते, कित्येकांचे परत येणारच नव्हते. पण सकाळी शाळेची घंटा व्हायची, गृहपाठ असायचा, नाटकातलं काम पाठ करायचं असायचं. दुःख त्यानं जात नाही. पण दिवस उभा राहतो, आणि दिवस उभा राहिला की लेकरूही उभं राहतं. वयाची ऐंशी गाठल्यावरही ती मुलं पोलंडहून वळिवडं बघायला येत, त्याचं कारण मला यातच दिसतं.

पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली. ते आजचं गांधीनगर. आपल्याकडचा अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प तुम्ही पाहिलाच असेल. तिथल्या आजी-आजोबांना जाऊन विचारा, पहिल्या वर्षी जेवायला कुणी बोलावलं होतं. ते नाव त्यांच्या तोंडपाठ असतं.

आता मी मुद्द्यावर येते. निर्वासित म्हणजे देशाची सीमा ओलांडून आलेला माणूस. पण सीमा न ओलांडताही गाव सुटतं. मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला आणि पुढं बोरी, कोहा, कुंड, मग धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी कितीतरी गावं जंगलातून उठून खाली अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात आली. आपण त्यांना 'पुनर्वसनवाले' म्हणतो आणि पुढं जातो. घरटी पैसे ठरले. पण मोहाचं झाड, नदी, देव, दर होळीच्या फगव्याला ज्या अंगणात नाचायचं ते अंगण, हे कोणत्या खात्यात जमा होतं? नव्या वस्तीत सोयी नाहीत, माणसं आजारी पडून दगावताहेत, असं सांगत काही कुटुंबं पुन्हा जंगलात परतली होती, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथं संघर्षही झाला. वाघ वाचला पाहिजे, हे मीही मानते. पण किंमत मोजणाऱ्याला साधं 'कसा आहेस बाप्पा' विचारायलाही आपण गेलो नाही, हे मला टोचतं.

त्या घरांतली पोरं आता आपल्याकडच्या शाळांतून शिकतात. घरी कोरकू भाषा बोलतात, वर्गात मराठी ऐकतात, म्हणून उत्तर द्यायला दोन क्षण जास्त घेतात. अशा पोराला कुणी 'मंद' म्हणू नका. गुरुजी, तुम्हीही थांबा ते दोन क्षण. डबा खाताना त्याला गोलात घ्या. खेळाच्या चमूत शेवटी नको, पहिल्यांदा त्याचं नाव घ्या.

मुख्याध्यापक सरांकडं माझं एक मागणं आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत गादली-सुसून हे कोरकू नृत्य ठेवा. पण ते आपल्या मुलांना शिकवायला बाहेरून कुणाला आणू नका. जंगलातून आलेल्यांच्या वस्तीतल्या बाया-माणसांना शिकवायला बोलवा, त्यांना मानधन द्या, आणि संमेलनाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवा. ढोलकं आणि पोशाखाचा खर्च मी देईन, तसं आत्ताच सगळ्यांसमोर सांगते. येत्या फगव्याला वस्तीवर जाऊन बोलणं करायचं असेल तर मला कळवा, मी सोबत येते.