उसनी वीज

आमच्या पनवेलच्या वेशीवर नव्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, आणि घरांतल्या मुलांचे डोळे आकाशाकडे लागले. माझा नातू विचारतो, “आजोबा, विमानांतली वीज गेली तर वैमानिक बोलणार कसा?”

प्रश्न पोरकट नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हां त्यांच्यापाशीं बिनतारी यंत्रच नव्हतें. आज लहान विमानांचे पुष्कळ वैमानिक मुख्य यंत्राखेरीज हातांत मावणारें दुसरें यंत्र जवळ बाळगतात. त्याच्या पोटांतली बॅटरी मात्र लहान. ऐन वेळीं ती संपली, तर बाहेरच्या बॅटरीची वीज उसनी घ्यावी लागते.

उसनवारीचे नियम कडक आहेत. पहिला दाबाचा. कांहीं लहान विमानांत वीज १४ व्होल्टांची, तर कांहींत २८ व्होल्टांची असते. बारा व्होल्टांसाठीं केलेलें यंत्र २८ व्होल्टांस जोडल्यास जळून जाईल. म्हणून माहितीपुस्तक आधीं वाचावें. दुसरा नियम धन-ऋण टोंकांचा. २६ जुलै २००५ च्या पुरांत, काळोखांत, मीं घरचा ट्रान्झिस्टर स्कूटरच्या बॅटरीस घाईनें उलटा जोडला. बातम्या ऐकावयाच्या होत्या. तो कायमचा मुका झाला. तिसरा नियम असा कीं, धन टोंकाजवळच योग्य फ्यूज असावा, म्हणजे तारा एकमेकींस भिडल्या तरी आग लागणार नाहीं.

आतां थोडें गणित. समजा, यंत्र ऐकतांना एकदशांश अँपिअर व बोलतांना दीड अँपिअर प्रवाह घेतें. सात अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबानें ऐकण्यास ७० तास पुरेल. अखंड बोलण्यास पांच तासहि नाहीं. संकटांत मितभाषण हा केवळ सद्गुण नव्हे, ती विजेची बचत आहे.

परंतु मुख्य गोष्ट निराळीच. ही उसनी वीज विमानाच्याच बॅटरीतून घेतली, तर ती बुडतांना दोन्ही यंत्रें एकदम बुडतील. अडचणींतला आधार मुळापासून स्वतंत्र हवा. म्हणून निराळी बॅटरी ठेवावी, आणि उड्डाणापूर्वीं ती जोडून, बोलून पाहावी.

नातवाला मीं हेंच सांगितलें. त्यानें लगेच माझ्या विजेरीचें बटण दाबून पाहिलें. ती लागली नाहीं.