सत्कार आणि कृतज्ञता

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या गौरवार्थ फणसवाडी येथे झालेल्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



सत्कारासाठी नावे पुकारली गेली, तेव्हा काही ज्येष्ठ कार्यकर्ते जागेवरून उठायलाच तयार नव्हते. आपल्या परंपरेत हा संकोच स्वाभाविक आहे. १९२८ साली संघाची पहिली गुरुदक्षिणा झाली, ती भगव्या ध्वजासमोर. व्यक्तीला गुरुस्थानी न बसविण्याचा डॉ. हेडगेवारांचा तो निर्णय कार्यकर्त्याच्या मनात खोल रुजला आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा कार्यकर्त्याचा गुण खराच. परंतु त्या गुणाआड दडून संस्थेने स्वतःची कृतज्ञतेतून सुटका करून घ्यावी, हे मला मान्य नाही.

याच मुंबईत, परळला, एक उदाहरण उभे आहे. नाना पालकर हे संघाचे प्रचारक, डॉक्टरांचे चरित्रकार. १९६७ साली ते गेले. सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्यांच्या नावाने स्मृती समिती स्थापन केली आणि रुग्णसेवा हाती घेतली. १९४१ पासून टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी देशभरातून माणसे येतात. उपचार दीर्घकाळ चालतात. रुग्णाने आणि त्याच्या नातेवाइकांनी या महानगरीत राहायचे कुठे? समितीच्या रुग्ण सेवा सदनाने हा भार उचलला. नानांना कधीही न पाहिलेली माणसे आज त्यांच्या नावाच्या छपराखाली निजतात.

अर्थात, प्रत्येकाच्या नावे असे सदन उभे राहणार नाही. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. गिरगावातील कितीतरी कुटुंबे विरार-डोंबिवलीकडे गेली. तिथून लोकलने येऊन रुग्णाच्या उशाशी बसणारा कार्यकर्ता तिकिटाचे पैसे मागत नाही. म्हणून आपणही विचारू नये काय? प्रवासखर्च दिल्याने सेवेचे वेतन होत नाही. तो बाहेर असताना घर सांभाळणारी गृहिणी तर सत्काराच्या यादीत क्वचितच असते. आणि गुडघे थकल्यामुळे जो येईनासा झाला, त्याचे नाव बैठकीच्या निरोपातून हळूच गळते. कोणी मुद्दाम गाळत नाही, पण गळते! हा दोष शालीने झाकला जात नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा दिवस ठरविला. तो अवश्य साजरा करावा. मात्र आयोजकांना माझी विनंती आहे, पुढील वर्षी सन्मानचिन्हे थोडी कमी करा. आजारपणामुळे आज जे येऊ शकले नाहीत, त्यांची यादी व्यासपीठाजवळ ठेवली आहे. येत्या रविवारी दोघादोघांनी त्यांच्या घरी जायचे आहे. जाताना आपली नावे तेवढी लिहून जा.