गोधडीतील गोल फूल सपाट कसे बसावे?



ठाणे जिल्ह्यात एकीकडे भाईंदरच्या इंद्रलोकसारखी उंच इमारतींची वस्ती आहे, तर दुसरीकडे मुरबाड-शहापूरचे पाडे आहेत. राहणीत एवढे अंतर असले तरी जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी दोन्हीकडच्या मुलांच्या ओळखीची आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. त्या विचाराला साजेसा आणि जवळजवळ बिनखर्चाचा असा हा उद्योग आहे.

चौकोनी ठिगळे जोडताना मुलांना फारशी अडचण पडत नाही. बारा पाकळ्यांचे गोल फूल करावयाचे ठरले, की मात्र कोणाचे फूल टोपीसारखे मधोमध फुगते, तर कोणाच्या फुलाच्या कडेला झालरीसारख्या लाटा पडतात. अशा वेळी इस्त्रीने फूल दाबून दोष लपविणे किंवा ‘हात वळत नाही’ असा शेरा देणे, हे दोन्ही अशैक्षणिक होय. दोष बहुधा कोनांच्या बेरजेत असतो, आणि तो शोधणे हाच खरा पाठ आहे.

केंद्रबिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश असते. म्हणून १२ पाकळ्यांपैकी प्रत्येकीस ३० अंश येतात. बेरीज कमी पडली तर टोपी होते, अधिक झाली तर झालर. शिवणीसाठी सोडलेले कापड, म्हणजे माया, टोकापासून कडेपर्यंत सारखी घेतली तर कोन बदलत नाही. परंतु कडेकडे जाताना माया वाढत गेली, तर काय होते ते पाहावे. फुलाची त्रिज्या १५ सेंटिमीटर आहे आणि प्रत्येक पाकळीची माया कडेला दोन्ही बाजूंनी फक्त १ मिलिमीटर जास्त गेली, असे समजू. १२ पाकळ्यांत मिळून परीघ २४ मिलिमीटरने तोकडा होतो, कोनांची बेरीज सुमारे ३५१ अंशांवर येते आणि फुलाचा मध्य ३ सेंटिमीटरांहून अधिक वर उचलला जातो. लहान चूक पुन्हापुन्हा झाली की किती मोठी होते, हे फळ्यावरील उदाहरणापेक्षा मुलाला येथे चटकन पटते.

यावर उपाय सोपा आहे. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा कराव्यात, प्रत्येक भागाचे दोन सारखे भाग करावेत आणि त्यावरून पाकळीचा एकच नमुना सर्वांनी वापरावा. शिवणीची रेघ पेन्सिलीने कापडावर आखून घ्यावी व त्या रेघेवरच धावदोरा घालावा. तीन पाकळ्या जोडल्या की काटकोन झाला पाहिजे. तो पाटीच्या कोपऱ्याशी ताडून पाहावा. सहा जोडल्या की अर्धे वर्तुळ होते. त्याची सरळ बाजू मोजपट्टीला लागली पाहिजे. चूक आढळल्यास तेथेच टाके उसवावेत. दोन्ही अर्धी तपासल्यावरच शेवटची शिवण घालावी.

कापडाचा स्वभावही ध्यानी घ्यावा. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेले कापड ताणले जाते. म्हणून गोल कड ओढू नये व इस्त्री सरकवू नये, ती उचलून ठेवावी. माया सर्वत्र एकाच दिशेला वळवावी. मध्यावर शिवणी दाटतात, तेथे लहान गोल ठिगळ लावावे. फूल चौकोनात बसविताना चौकोनातील गोल खाचेच्या मायेला शिवणीपर्यंत न पोचणारे बारीक काप द्यावेत, आधी चार ठिकाणी टाचण्या लावाव्यात आणि मगच शिवावे.

ज्या मुलाच्या घरी आई किंवा आजी गोधडी शिवते, त्याला या तासाला मानाचे स्थान मिळावे. गणितात मागे असणारे मूल येथे पुढे येऊ शकते. त्याचे फूल फुगले, तर शिक्षकाने प्रथम शेरा लिहू नये; त्याच्याबरोबर बसून कोन मोजावा. चुकीचे कारण स्वतः शोधून, टाके उसवून, पुन्हा जोडलेले एक फूल त्या मुलाला आत्मविश्वास देईल, आणि तीच या उद्योगाची खरी कमाई ठरेल.