दिवा लावणारे हात

(दिंडीच्या शतकोत्सवी अखंड हरिनाम सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, दीपपूजेआधी केलेले भाषण)

दिव्याविषयी चार शब्द बोला असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही चौथी शिकलेले. शास्त्राधार सांगणारे महाराज रात्री येणार आहेत, त्यांचं कीर्तन ऐकाच. आम्ही शेतकरी माणूस. दिवा घरात, देवळात आणि वारीच्या वाटेवर जसा पाहिला तसा सांगतो.

आपल्या वारकऱ्यांचा ग्रंथच मुळी दिवा आहे. माउलींनी नेवाशाला, शके १२१२ मध्ये, गीतेवर टीका सांगितली. आपण तिला ज्ञानेश्वरी म्हणतो, पण तिचं नाव भावार्थदीपिका. दीपिका म्हणजे दिवाच की! दुसऱ्या अध्यायात माउली सांगतात, दिव्याची कळी बारकी दिसते पण उजेड मोठा पाडते, तशी सद्बुद्धी थोडी असली तरी तिला थोडी समजू नये. आणि सहाव्या अध्यायात गीतेनं योग्याच्या चित्ताला उपमा दिली आहे ती वारा नसलेल्या जागच्या दिव्याची. ती ज्योत हलत नाही. एवढं शास्त्र आमच्याकडून पुरे.

आता घरातला दिवा. समई घ्या. खाली रुंद जड बैठक, म्हणजे धक्का लागला तरी कलंडू नये. मधे दांडा, वर तेलाची वाटी, वाटीला पाच नाहीतर सात चोची, आणि टोकाला हंस किंवा मोर. दांड्याला फिरकी असते, सगळी समई सुटी करून घासता येते. निरांजनात तूप आणि फुलवात, समईत तेल आणि लांब वात. लामणदिवा साखळीला टांगलेला. तुळशीपुढं पणती. देवळापुढं दगडाची दीपमाळ, जेजुरीला तर कितीतरी आहेत. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटली की अजूनही लहान पोर होऊन बघावंसं वाटतं. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडं ज्योत करून दिवा ठेवतात, एरवी त्या दिशेला कोणी ज्योत करत नाही. ही सगळी नावं नवीन पोरांना माहीत असावीत म्हणून सांगितली, तुम्हा जुन्यांना काय सांगायचं.

पण दिवा म्हणजे पितळ नव्हे. पितळ बाजारात मिळतं. दिवा म्हणजे तेल, वात आणि हात. आम्ही करडई पेरतो म्हणून सांगतो, करडई काटेरी. काढताना हातमोजे घातले तरी काटा बोटात जातोच. तिची बी घाण्यावर न्यायची, तेव्हा घरात तेल येणार. वातीचा कापूस म्हणजे सरकी काढलेला, हातानं पिंजलेला. तळहाताला जरा राख किंवा दूध लावून वात वळतात. पीळ फार घट्ट बसला तर तेल वर चढत नाही आणि सैल राहिला तर ज्योत भडकून काजळी धरते. ओलसर वात तडतडते. तेल आहे तोवर वात स्वतः फारशी जळत नाही, तेल संपलं की वात जळायला लागते. म्हणून घरातली बाई झोपायच्या आधी एकदा देव्हाऱ्याकडं बघून येते, काजळी झाडते, वात पुढं सारते. दिवा फुंकायचा नाही. “विझव” असंही म्हणायचं नाही, “शांत कर” म्हणायचं.

आषाढी वारी केली, पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला घेतला आणि घरी आलो, की पंधरा दिवसांत दिव्याची अवस येते. हल्ली त्या अमावस्येला लोकांनी भलतंच नाव पाडलंय, ते या मंडपात घेण्यासारखं नाही. खरा तो दिव्याचा सण. माळ्यावरचे, कोनाड्यातले सगळे दिवे खाली काढतात. चिंच आणि राख लावून लखलखीत घासतात, पाटावर मांडतात, हळदकुंकू, फूल वाहतात. गूळ घालून कणकेचे दिवे उकडतात आणि तूप घालून खातात. वर्षभर ज्यानं आपल्याला उजेड दिला त्याला एक दिवस बसवून पूजायचं, बैलाला पोळ्याला पूजतो तसं.

वारीच्या वाटेवर दिव्याचा थाट नसतो. जुनी माणसं सांगत, दिंडीबरोबर दोन कंदील असत. दुपारच्या विसाव्याला काच राखेनं पुसायची, सांजेला पेटवायचे. एक ग्रंथापुढं, एक स्वयंपाकाला. मग गॅसबत्ती आली. तिची जाळी फार नाजूक, हिसका बसला की गेली, म्हणून बत्ती सांभाळायला एक माणूसच नेमलेला असे. आता जनित्र आहे, ट्रकवर मोठाले दिवे आहेत. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. अंधारात पाय घसरण्यापेक्षा बल्ब बरा. (दिवे घाटाचा दिव्याशी काही संबंध नाही, दिवे नावाचं गाव आहे तिथं, हे दरसाल कोणीतरी विचारतंच म्हणून आताच सांगून टाकतो.) पण तंबूत ग्रंथापुढं अजून निरांजनच लागतं.

आता खरा मुद्दा. सप्ताहाच्या पत्रिकेत दरवर्षी छापतात, ‘पाच सुवासिनींच्या हस्ते दीपप्रज्वलन’. यंदा आम्ही बैठकीत म्हणालो, त्यातला ‘सुवासिनी’ शब्द काढा. त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं शंभर वर्षांचा रिवाज आहे. कोणी म्हणालं अपशकुन होईल. मोठ्या आवाजात झालं, पण माळ घातलेली माणसं आहेत, जेवायला एकाच पंक्तीला बसली.

शंभर वर्षांचा रिवाज म्हणाल तर आम्हाला जुन्यांनी सांगितलेलं वेगळंच आहे. आधी सप्ताहाला पत्रिका नव्हती, स्टेज नव्हतं, माईक नव्हता. ज्याच्या हाती काडीपेटी त्यानं दिवा लावला आणि विणा उभा राहिला. नावं पुकारून दिवा लावायची पद्धत माईकबरोबर आली.

आमची थोरली चुलती तरुणपणीच कपाळाची मोकळी झाली. पुढं सारा जन्म देवळातला नंदादीप तिनं सांभाळला. तेल घरच्या करडईचं. दिवसातनं दोनदा जाऊन बघायची. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या काकड्याला ती पहिली. चिंधीचा पीळ तेलात भिजवलेला, हातात काकडा धरून थंडीत उभी. अंधारात कोणी कोणाचं कपाळ बघत नाही, त्यामुळं काकड्याला कोणाची हरकत नव्हती. आणि सप्ताहाच्या दिवशी, भर उजेडात, पाच जणींची नावं पुकारली की ती खांबाआड सरकायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, तिची तिलाच सवय झालेली. समईतलं तेल तिनंच घातलेलं असायचं. वातीही तिच्याच.

जोडवात लावतात ना आपल्याकडं, दोन वाती एकत्र? काहींचं म्हणणं, जोडी तुटलेल्या बाईनं जोडवात लावू नये. मग आम्ही विचारतो, घरात माणूस जातं तेव्हा काय करता? जिथं देह ठेवला होता तिथं दिवा ठेवतात, खाली पीठ पसरतात, आणि दहा दिवस तो शांत होऊ द्यायचा नसतो. त्या दिव्याला रात्री-अपरात्री उठून तेल कोण घालतं? बहुतेक घरी तीच, जिचा मालक गेलाय. रडून डोळे सुजलेले असतात तरी ती ज्योत जाऊ देत नाही. दहा रात्री त्या हातानं दिवा राखलेला चालतो, आणि अकराव्या दिवसापासून तोच हात समईला चालत नाही, हा कुठला हिशेब?

वारीत बघा. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या निम्म्याअधिक बाया आमच्या दिंडीत तशाच आहेत. वीस दिवस ऊन-पाऊस अंगावर घेत तुळस नेतात. तुळस डोक्यावर देताना कोणी त्यांना विचारतं का, तुझा मालक आहे का म्हणून? सकाळी बुक्क्याचं ताट फिरतं. तो पुरुषांना, बायांना, पोरांना एकच लागतो. बुक्का कपाळ बघून लागत नाही. एकमेकांच्या पाया पडताना आपण जात विचारत नाही, वय विचारत नाही. मग काडी ओढतानाच का विचारायचं?

पंढरीचं दार सगळ्यांना एकदम उघडलेलं नव्हतं. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात उपास धरावा लागला. त्याही वेळी रिवाज मोडतो म्हणणारे होते. पांडुरंग काही विटेवरनं उतरून गेला नाही. आणि अलीकडं, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. एका गावाच्या ग्रामसभेला जमलं, ते शंभर वर्षं पंढरीला चालणाऱ्या दिंडीला जड जाऊ नये.

तर बैठकीत शेवटी असं ठरलं. पत्रिका आधीच छापून झाली होती, तो शब्द तिथं तसाच राहिला. पण दिवा लावायचा तो, ज्यांनी या दिंडीत सगळ्यात जास्त वर्षं तुळस वाहिली त्या पाच जणींनी. मोजल्यावर त्यात तिघी निघाल्या बुक्का लावणाऱ्या आणि दोघी कुंकू लावणाऱ्या. आम्ही निवडल्या नाहीत, वारीच्या हिशेबानं निघाल्या. ज्यांना हे पटलेलं नाही अशी दोन-तीन मंडळी मागच्या खांबापाशी बसली आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती, उठून जाऊ नका. रागानं का होईना, बसून बघा. उद्या काकड्याला आपल्याला एकत्रच उभं राहायचं आहे.

एका मावशीनं आम्हाला सकाळी विचारलं, “बाबा, माझा हात थरथरतो, काडी विझली तर लोक म्हणतील बघा, अपशकुन झाला.” मावशी, काडी वाऱ्यानं विझते. दुसरी ओढायची. पेटी भरलेली आणली आहे.

समई पाच चोचींची आहे. वाती रात्रीच वळून तेलात भिजवून ठेवल्या आहेत. तेल आमच्या शेतातल्या करडईचं. पोरांनो, तेवढे दोन्ही पंखे बंद करा. मृदंगमणी, तयार राहा. आणि खांबाआडच्या मायबाईंनो, या, पुढं या.

रामकृष्ण हरी.