एका तारेतील अनेक वाटा



पगारवाढीच्या गोष्टी बोलणाऱ्या माणसाने दूरसंचाराच्या स्विचबद्दल बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. परंतु काही वर्षांपूर्वी एक कंत्राटी तंत्रज्ञ आमच्याकडे आला. रात्रपाळीत स्विचला आज्ञा देताना त्याच्या हातून चूक झाली, अनेक ग्राहकांचे दळणवळण बंद पडले, आणि सकाळी त्याला कामावरून काढले. त्याची बाजू मांडायची तर त्याचे काम आम्हांस समजले पाहिजे. तीन रात्री त्याच्याजवळ बसून आम्ही ते शिकलो. तेच आज सांगतो.

इथरनेटचा जन्म १९७३ सालचा, अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातला. एका इमारतीतील यंत्रे जोडण्याची ती पद्धत. पुढे ती गावे जोडू लागली. समजा, एका बँकेची शाखा पुण्यास आहे, दुसरी साताऱ्यास. दोन्ही एकाच तारेने जोडल्या आहेत, असे बँकेला दिसते. प्रत्यक्षात तिच्या एकटीची अशी तार नसते. कंपनीच्या सामाईक तारेतून अनेक ग्राहकांची माहिती धावते. म्हणून हिला आभासी जोडणी म्हणायचे.

मग बँकेचा मजकूर शेजारच्या कारखान्यात का जात नाही? माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला, म्हणजे फ्रेमला, चार बाइटांची चिठ्ठी लावतात म्हणून. तिला टॅग म्हणतात. तिच्यातील क्रमांकाला बारा बिटांची जागा असते. वापरता येतात ४०९४ क्रमांक. पण ग्राहकांनी आपापल्या घरी हेच क्रमांक वापरलेले असतात आणि दोघांचे सारखेही निघतात. म्हणून कंपनी वर आपली दुसरी चिठ्ठी लावते. पाकीट थैलीत घालून थैलीवर निराळा पत्ता लिहावा, तसेच हे. पलीकडच्या टोकाला थैली निघते, पाकीट जसेच्या तसे पोचते.

यातले काहीही आपोआप होत नाही. ग्राहक कोणत्या पोर्टवर, त्याचा क्रमांक कोणता, तो कोणकोणत्या ट्रंकांवरून, म्हणजे स्विचांमधल्या सामाईक वाटांवरून, जाऊ द्यायचा, हे सारे माणूस लिहितो. वेगही तोच लिहितो: खात्रीचा किती, आणि वाट मोकळी असल्यास वरकड किती. खात्रीतल्या फ्रेमा हिरव्या, वरकड पिवळ्या, त्याहून जास्त त्या तांबड्या. तांबड्या तेथेच टाकून देतात. गर्दी झाली की आधी पिवळ्यांवर गदा येते. आम्हां युनियनवाल्यांस हे चटकन उमगले. मूळ पगार वेगळा, ओव्हरटाइम वेगळा. दोहोंची बेरीज दाखवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. आपण अशी सेवा घ्याल, तेव्हा हिरवा आकडा विचारा.

आता ती चूक. काही स्विचांवर ट्रंकच्या यादीत नवा क्रमांक घालताना आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला, तर जुनी यादी पुसली जाते आणि नवा क्रमांक तेवढा एकटा उरतो. आज्ञा व्याकरणाने शुद्ध असते, म्हणून स्विच तक्रार करीत नाही. आमच्या तंत्रज्ञाचा तोच शब्द राहिला. पहाटेचे तीन वाजले होते, कामाचा बारावा तास चालू होता, लिहिलेले वाचून पाहणारे दुसरे कोणी नव्हते. जुन्या यादीची नक्कल आधी काढावी, आज्ञा दुसऱ्याने तपासावी, माघारीची आज्ञा हाताशी लिहून ठेवावी, हे नियम कंपनीच्या कागदावर होते. ते पाळायला लागणारा दुसरा माणूस मात्र पगारपत्रकावर नव्हता.

चूक त्याची होती. ती आम्ही नाकारली नाही. एवढेच विचारले की, जिथे एक शब्द राहिल्याने इतक्यांची कामे थांबतात, तिथे एकच थकलेला माणूस कोणी बसवला? त्याची नोकरी परत मिळाली नाही. रात्रीच्या बदलांसाठी दोन माणसे असावीत, ही मागणी मात्र मान्य झाली.

श्रोतेहो, एका तारेत बँक, इस्पितळ आणि कारखाना शेजारी नांदतात. त्यांच्यामध्ये भिंत नाही. कोणी तरी रात्री लिहिलेला एक आकडा आहे. तो लिहिणाऱ्याला झोप मिळते की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे, तुम्हां-आम्हां सर्वांचा आहे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.