देवराज अर्स : कूळकायदा आणि कारागृह

आळंद तालुक्यातील खजुरीसारख्या सीमेवरील गावाने एका पिढीच्या अवधीत तीन राजवटींचे दफ्तर पाहिले. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे. नंतर हैदराबाद राज्याचे व त्याच्या 1950 च्या कूळकायद्याचे. आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर कानडी दफ्तर. पहाणीपत्रकाची लिपी बदलली. तोंडी बटाईने जमीन कसणाराचे नाव मात्र त्यात बहुधा चढले नाही. ज्वारी-तुरीच्या या कोरडवाहू मुलखात सालगडी सालगडीच राहिला.

या राज्याची सूत्रे 1972 साली डी. देवराज अर्स यांच्या हाती आली. लिंगायत व वक्कलिग या दोन्ही प्रबळ समाजांबाहेरचे ते 1956 नंतरचे पहिलेच मुख्यमंत्री. दुर्बलांची मोट बांधून सत्ता टिकवावयाची, हे त्यांचे धोरण उघड होते, आणि ते केवळ घोषणांचे नव्हते. मागासवर्गीयांसाठी हावनूर आयोग त्यांनीच नेमला. त्याचा अहवाल 1975 मध्ये आला व 1977 मध्ये त्यावरून आरक्षणाचा हुकूम निघाला. 1976 मध्ये ग्रामीण गरिबांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

परंतु त्यांचे खरे कार्य म्हणजे जमीनसुधारणेचे. 1 मार्च 1974 पासून कुळवहिवाटीतील जमीन सरकारकडे वर्ग झाली. कुळाने सात नंबरचा फॉर्म भरावयाचा व तालुक्याच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहावयाचे. तेथे प्रांताधिकारी अध्यक्ष आणि सोबत सरकारने नेमलेले बिनसरकारी सभासद. वकिलाला मज्जाव. निर्णयावर अपील नाही. उरला तो उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा मार्ग. आठ लाखांच्या आसपास अर्ज आले. ही तरतूद जमीनदारांना जाचली यात नवल नाही, कारण तारखांवर तारखा घेऊन कुळाला थकविण्याचे त्यांचे जुने साधनच काढून घेतले गेले. वकिलांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली रद्दबातल ठरविली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ज्याच्यापाशी वकिलाची फी नाही त्याला त्या बंदीचा काही काळ आधार होता, हेही नाकारता येत नाही.

अर्सांचे कैवारी येथेच एक पाऊल पुढे जातात. आणीबाणीचा धाक होता म्हणूनच हे सारे घडले, असे ते म्हणतात. तारखा या म्हणण्याला साथ देत नाहीत. कायदा अमलात आला तो आणीबाणीपूर्वी सुमारे सोळा महिने, विरोधी पक्ष व वृत्तपत्रे मोकळी असताना. अर्जांची मुदतही पुढे 30 जून 1979 पर्यंत, म्हणजे आणीबाणी उठल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ वाढत गेली.

तुरुंगांचा हिशेब मात्र वेगळा मांडला पाहिजे. 26 जून 1975 रोजी संसदीय समितीच्या कामासाठी बंगलोरला आलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते, तसेच वाजपेयी व अडवाणी तेथेच पकडले गेले. ‘संस्कार’ या कानडी चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना मे 1976 मध्ये अटक झाली. दम्याने जर्जर झालेल्या या बाईंना जानेवारी 1977 मध्ये पॅरोलवर सोडले आणि काही दिवसांतच, 20 जानेवारीला, त्या वारल्या. हुकूम दिल्लीचे होते आणि इतर काही राज्यांच्या मानाने कर्नाटकातील आणीबाणी सौम्य होती, असे सांगितले जाते. असेल. तरी तो तुरुंग राज्य सरकारचाच होता; आणि स्नेहलता रेड्डींना डांबून एका कुळालाही एक गुंठा जमीन अधिक मिळाली नाही.

उलट मुक्या प्रजेत सुधारणाही अर्धी राहते. कायद्याचा मोठा लाभ दक्षिण व उत्तर कॅनरा या किनाऱ्यावरील जिल्ह्यांना झाला. तेथे कुळवहिवाट मोठी व नोंदलेली होती, आणि कुळांच्या संघटना जुन्या होत्या. आळंदकडे संघटना दुबळी, नोंद नाही, आणि आणीबाणीत गाऱ्हाणे छापणारे वृत्तपत्र नाही. ज्याची बटाई केवळ शब्दावर होती त्याने न्यायाधिकरणापुढे दाखवावे काय? मजुरालाही या कायद्याने फारसे काही दिले नाही.

मार्च 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, तेव्हा कर्नाटकाने तिला 28 पैकी 26 जागा दिल्या. फेब्रुवारी 1978 मध्ये, ग्रोव्हर आयोगाची चौकशी मागे लागलेली असतानाही, अर्सांनी विधानसभेच्या 224 पैकी 149 जागा मिळविल्या. या दोन्ही निवडणुका मोकळ्या वातावरणात झाल्या. गरिबांची मते मिळविण्यासाठी कोणाची तोंडे बांधण्याची त्यांना गरज नव्हती, हे त्यांच्याच विजयाने दाखविले. 1979 मध्ये त्यांचे इंदिरा गांधींशी बिनसले. जानेवारी 1980 च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला कर्नाटकात 27 जागा मिळाल्या. अर्सांच्या पक्षाला एकही नाही. 6 जून 1982 रोजी ते निवर्तले, तेव्हा किनाऱ्यावरची कुळे आपल्या नावावर झालेल्या जमिनी कसत होती आणि खजुरीकडचा सालगडी पाडव्याला नव्या सालाचा करार करीत होता.