आजोबांचे बिल्ले

सातवी 'ब'मधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजक म्हणाले, शाळेची एखादी आठवण सांगा. माझी आठवण म्हणजे एक थाप आहे, आणि ती मी तुम्हालाच मारली होती.

इतिहासाच्या बाईंनी घरातली जुनी वस्तू आणायला सांगितली होती. मी आजोबांचे बिल्ले आणले. सहा टोकांचे दोन तारे, एक गोल मेडल आणि दंडावर बांधायची लाल क्रॉसची पांढरी पट्टी. तुम्ही विचारलंत, "किती जपानी मारले?" मी छाती फुगवून म्हणालो, "बारा!"

आजोबांनी एकही गोळी झाडली नव्हती. १९४४ साली कोहिमाच्या डोंगरात ते स्ट्रेचर वाहत होते. पावसाळ्यातल्या चिखलात, चढावर चौघे पुरत नसत. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही असा नियम, आणि तोच सारखं पाणी मागायचा. म्हातारपणी घरात कुणी पाणी मागितलं की आजोबा स्वतः उठत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

ती पट्टी डाव्या दंडावर बांधायची. तिच्यावर लष्कराचा शिक्का असे. जिनिव्हा करारानुसार पट्टीवाल्यावर गोळी झाडायची नाही. पण हिरव्या रानात पांढरं कापड लांबून दिसतं, म्हणून आजोबा ती कधी कधी खिशात ठेवत.

दोन ताऱ्यांपैकी एक 'बर्मा स्टार'. रायफलवाल्याला जो तारा, तोच स्ट्रेचरवाल्याला. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांची मागची बाजू कोरी असे, हिंदी सैन्याच्या ताऱ्यांवर मात्र नंबर आणि नाव घातलेलं असे. आजोबांचं नाव मी भिंगातून वाचलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि ते हयात नव्हते.

त्या थापेनंतर तुमच्यातलाच एक जण आमच्या घरी आला होता. त्याने थेट विचारलं, "आजोबा, बारा मारले ना?" आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मोजले नाहीत रे बाळा." तो गेल्यावर त्यांनी पट्टीची घडी घातली, ती ट्रंकेत ठेवली आणि मला जेवायला हाक मारली. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

बिल्ले आज बरोबर आणलेत. चहाच्या वेळी जरूर बघा. पट्टी मात्र जपून हाताळा, कापड विरलंय.